देव व्यक्ती, बैल वस्तू

प्राण्यांच्या हक्कांचा विषय निघाला की ‘मग उद्या झुरळालाही मतदानाचा हक्क द्या’ असे कोणीतरी म्हणतोच, आणि स्टाफरूम हसते. या हसण्याचा आम्हांला कंटाळा आला आहे. भाषा शिकवणाऱ्यांनी तरी ‘व्यक्ती’ हा शब्द इतक्या भाबडेपणाने वापरू नये. कायद्यातील व्यक्ती हाडामांसाची असावी लागत नाही. कंपनी व्यक्ती असते. देवतेची मूर्तीही असते. कलकत्त्याच्या एका कुटुंबात देव कोणाच्या घरी राहावा यावरून तंटा झाला, तेव्हा १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने खुद्द देवाची इच्छाही विचारात घ्यायला लावली!

बैल मात्र मालमत्ता. त्याला अमानुष मारहाण केल्यास १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो दहा ते पन्नास रुपये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या आणि प्राण्यांच्या जगण्यालाही प्रतिष्ठा असते, असे म्हटले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला; १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा पूर्वदाखला नाही, असे नोंदवले. पूर्वदाखला नसणे हे उत्तर झाले काय? मूर्तीलाही तो एकेकाळी नव्हताच.

आमच्यातल्याच काहींचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ पर्यंत जनावरे पाणी पीत आणि अस्पृश्यांना मज्जाव होता. आता पुन्हा बैल माणसाच्या पुढे उभा करायचा काय, असे ते विचारतात. हा संताप आम्ही जाणतो. आमच्याच नाशकात १९३० पासून पाच वर्षे काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह चालला. आतल्या रामाला कायद्याच्या लेखी व्यक्तित्व होते आणि दाराशी उभ्या असलेल्यांना प्रवेश नव्हता. पण तळ्यावरच्या त्या जनावराला तरी हक्क कोठे होता? ते सवर्ण मालकाची वस्तू म्हणून तेथवर पोचत होते. तेथे हक्क होता तो मालकाचा. व्यक्ती कोणाला म्हणायचे हे मालकांनी ठरवायचे, या रीतीविरुद्धच महाड आणि नाशिक झाले. मग बैलाच्या बाबतीत आम्ही तीच रीत का चालू ठेवावी?

बैलासाठी आम्ही मतपेटी मागत नाही. १९२५ च्या त्याच निकालात देवाची बाजू मांडायला भांडणाऱ्या वारसांपैकी कोणी नको, न्यायालयाने नेमलेला त्रयस्थ माणूस हवा, असे सुचवले होते. तेवढाच एक माणूस बैलालाही द्यावा.