सुजलेला पाय आणि घाईचे इंजेक्शन

एका वाचकाचे पत्र समोर आहे. त्यांच्या घरातील सात महिन्यांच्या मांजरीचा मागचा उजवा पाय घोट्यापासून पंजापर्यंत सुजला, त्याला आता तीन आठवडे झाले. मांजरी खाते, खेळते, ओट्यावर उडीही मारते. पाच दिवस प्रतिजैविक दिले, मग औषध बदलून आणखी पाच दिवस दिले. सूज होती तशीच आहे. आता ‘स्टिरॉइडचे एक इंजेक्शन देऊन पाहू’ असा सल्ला मिळाला आहे. ते द्यावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे, की सध्या देऊ नये. पत्रावरून निदान करता येत नाही. परंतु निदानाची वाट कोणती, हे निश्चित सांगता येते. सुजेच्या आत पू असेल, रक्त असेल, मोडलेले हाड असेल, साचलेली लसिका असेल किंवा बेसुमार वाढणाऱ्या पेशी असतील. बाहेरून पाय सारखाच जाड दिसतो, उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा. स्टिरॉइडने यांतील काही सुजा तात्पुरत्या उतरतात. पण जंतूंना आणि बुरशीला मोकळे रान मिळते, आणि काही अर्बुदे पुढच्या तपासणीत नीट ओळखू येत नाहीत. म्हणजे पाय बारीक झाला, या समाधानात कारण मात्र हरवून जाते.

पहिली दोन प्रतिजैविके का दिली गेली, हे समजण्यासारखे आहे. बाहेर हिंडणाऱ्या तरुण मांजराचा एक पाय एकाएकी सुजला, तर पहिला संशय दुसऱ्या मांजराच्या चाव्यावरच जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असतात. कातडीवरील छिद्र दिवस-दोन दिवसांत बुजते. तोंडातले जंतू मात्र आत खोल राहतात. दोन ते पाच दिवसांनी तेथे गरम, ठणकणारी सूज येते, ताप चढतो, जनावर कोपऱ्यात बसून राहते आणि वाटीकडे पाहतही नाही. मांजराचे गुदद्वारातील तापमान साधारणपणे 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. गळू झाल्यास ते 40 च्या वर जाऊ शकते. अशा गळवातील पू बाहेर काढावाच लागतो, केवळ गोळ्यांवर भागत नाही. पू निघाला, की एका रात्रीत मांजराचा चेहरा बदलतो. चावा झाल्याचे दिसले, तर मांजरांतील प्रतिकारशक्ती क्षीण करणाऱ्या विषाणूची रक्तचाचणी करून घ्यावी, आणि ती सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा करावी. हा विषाणू प्रामुख्याने चाव्यातूनच पसरतो. माणसाला त्याची लागण होत नाही.

पत्रातल्या मांजरीचे चित्र मात्र याहून वेगळे आहे. ताप नाही, वेदना नाही, भूक शाबूत आहे, आणि सूज तीन आठवडे जागची हललेली नाही. गळू असे वागत नाही. म्हणून तिसरे प्रतिजैविकही नको आणि स्टिरॉइडही नको. आता तपासणी हवी.

तिची सुरुवात घरी, उजेडात आणि बोटांनी करावी. केस उलट्या दिशेने फिरवून सुजेच्या वरच्या कडेपाशी पाय चहूबाजूंनी चाचपून पाहा. लहान मुलांनी खेळताना चढवलेले रबरबँड, दृष्ट लागू नये म्हणून पिल्लाच्या पायात बांधलेला काळा दोरा, जाळ्याचा नायलॉनचा धागा या गोष्टी केसांखाली गडप होतात. पिल्लू वाढते, दोरा वाढत नाही. तो हळूहळू कातडीत रुततो आणि त्याखालचा पाय फुगत जातो. वेळीच न सापडल्यास पंजा गमवावा लागतो. रुतलेला दोरा घरी ओढू नका, पशुवैद्यांकडून काढून घ्या. पुढचा पाय सुजला असेल, तर काखेतही पाहावे. गळपट्ट्यातून पाय आत गेल्याने काखेत खोल जखम झालेली मांजरे आम्ही पाहतो. नुकतेच सलाइन लावले असेल, तर चिकटपट्टी घट्ट राहिली आहे का, हेही पाहा.

मग सुजेवर अंगठा काही क्षण दाबून ठेवा. खळगा पडून तो सावकाश भरत असेल, तर आत पाणी किंवा लसिका साचली आहे. दगडासारखे घट्ट लागले, तर हाड अथवा गाठ. एकच पाय की अनेक, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दोन-तीन पाय एकत्र सुजले, तर कारण बहुधा पायात नसते. रक्तातील अल्ब्युमिन उतरले असेल किंवा रक्तवाहिन्यांचा दाह असेल. केवळ पंज्यांच्या गाद्या मऊ उशीसारख्या फुगून जांभळट दिसत असतील, तर तो गाद्यांचा एक वेगळाच विकार असतो व त्यावर औषध आहे.

पंजे आणि चेहरा दोन्ही सुजले, तर घरातील कोणी पॅरासिटामॉल दिले होते का, हे निःसंकोच विचारा. लंगडणाऱ्या मांजराला मायेपोटी अर्धी गोळी दिली जाते. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात फार तोकडा आहे. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा भागही चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकतो. काही तासांतच रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, हिरड्या मातकट तपकिरी दिसू लागतात, धाप लागते. यावर उतारा आहे. पण तो लवकर द्यावा लागतो. तेव्हा गोळीचे वेष्टन घेऊन थेट दवाखाना गाठावा. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनाही मांजराच्या घरात हाच निषेध लागू आहे.

रात्र न दवडता नेण्याचे आणखी एक कारण म्हणजे तासागणिक चढत जाणारी, रक्ताळ पाणी झिरपणारी सूज. कोकणात फुरसे आणि इतरत्र घोणस यांचा दंश आधी आठवावा.

दवाखान्यात काय मागावे? प्रथम एक्स-रे, तोही दोन बाजूंनी आणि शक्य तर दोन्ही पायांचा, म्हणजे तुलना होते. सात महिन्यांच्या मांजराच्या हाडांची वाढीची टोके अजून जुळलेली नसतात, तेथील मोड सहज निसटते. बिनहाडाच्या कोंबडीवर आणि काळजीवरच वाढवलेल्या पिल्लांची हाडे कॅल्शियमअभावी एक्स-रेत फिकट दिसतात व साध्या उडीने मोडतात. ते बारीकसे मोडणे सूज म्हणूनच पुढे येते. त्यानंतर बारीक सुईने सुजेतील द्रव किंवा पेशी काढून काचेवर पाहाव्यात. ही तपासणी स्वस्त आहे, बहुधा भूलही लागत नाही, आणि पू, रक्त, लसिका की गाठ, याचे उत्तर अनेकदा त्याच दिवशी मिळते. पू असेल, तर तो वाढीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा, म्हणजे प्रतिजैविक अंदाजाने निवडावे लागत नाही. रक्ततपासणी, आणि एवढ्यानेही उलगडा न झाल्यास ऊतीचा लहान तुकडा, हा पुढचा क्रम. गावात ही सोय नसेल, तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी.

हाडे निर्दोष निघाली, सुईत केवळ स्वच्छ पाणीदार द्रव आला आणि अल्ब्युमिनही योग्य असेल, तर पत्रलेखकांच्या मांजरीत लसिकावाहिन्यांच्या जन्मजात उणिवेचा विचार करावा लागेल. हा विकार विरळा आहे. तो बहुधा लहान वयात व मागच्या पायांत दिसतो, दुखत नाही आणि दाबल्यास खळगा पडतो. त्याला मुळापासून बरे करणारे औषध नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही. परंतु शिकून घेतलेली हलकी पट्टी आणि कातडीची स्वच्छता एवढ्यावर सौम्य विकाराची मांजरे चांगली जगतात. पाय काढण्याचा विचार अगदी शेवटी.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत दर दोन दिवसांनी शिंप्याच्या टेपने घोट्याच्या त्याच जागी घेर मोजून तारखेसह लिहून ठेवा व त्याच बाजूने छायाचित्र घ्या. दिलेल्या सर्व औषधांची नावे आणि मात्रा त्याच कागदावर उतरवा. तेल चोळू नका, शेक देऊ नका, पट्टीही आपल्या मनाने बांधू नका. आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन आधीच दिले गेले असेल, तर त्याची तारीख त्या कागदावर सर्वांत वर लिहा. सुईच्या तपासणीचा अर्थ लावताना ती लागेल.