हेलसिंकी ते टोकियो : १३ तास, साडेनऊ तास, पुन्हा १३ तास

१/ 'विमानाने जग जवळ आले' हे वाक्य शालेय निबंधापासून इतिहासाच्या लोकप्रिय पुस्तकांपर्यंत सर्वत्र आढळते. यंत्र सुधारले, म्हणून प्रवासाचा काळ घटला, असे त्यामागचे सोपे गणित. हे गणित अपुरे आहे, आणि ते दाखवायला एकच हवाई मार्ग पुरतो.

२/ पृथ्वीगोलावर हेलसिंकी ते टोकियो दोरा ताणला, तर अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. तो दोरा जवळजवळ संपूर्णपणे रशियावरून जातो. (सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी एकदा गोल हाती घ्यावा.)

३/ १९८३ मध्ये फिनएअरने या दोन शहरांत विनाथांबा सेवा सुरू केली. विमान डीसी-१०, वेळ सुमारे १३ तास. कारण ते सायबेरियावरून गेलेच नाही. उत्तर ध्रुवावरून बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे उतरून, पॅसिफिकवरून जपानला पोहोचले. इंधन होते, यंत्र समर्थ होते. नव्हती ती मॉस्कोची अनुमती. अनुमतीविना त्या आकाशात शिरण्याचा अर्थ त्याच वर्षी १ सप्टेंबरला जगाला कळला. वाट चुकलेले कोरियन एअरलाइन्सचे ००७ हे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले.

४/ शीतयुद्ध ओसरले, सायबेरियाचे आकाश शुल्क घेऊन खुले झाले आणि तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. डीसी-१० आणि आजचे एअरबस ए-३५० यांच्या वेगात नाव घ्यावे असा फरक नाही. वाचलेले तास इंजिनाने दिलेले नव्हते.

५/ फेब्रुवारी २०२२. युक्रेनवर आक्रमण, युरोपची रशियन विमानांवर बंदी, उत्तरादाखल रशियाची ३६ देशांच्या विमानांवर बंदी. मार्चमध्ये टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली ती ध्रुवाचा वळसा घेऊनच : सुमारे १३ तास! चार दशकांची अभियांत्रिकी, आणि घड्याळ १९८३ वर. चिनी कंपन्यांची विमाने मात्र सायबेरियावरूनच युरोपला जात राहिली.

६/ आक्षेप ठरलेला आहे : १९५७ मध्ये कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोला सुमारे ३२ तास लागत, मग जेट इंजिनाचे श्रेय नाकारायचे काय? मुळीच नाही. पण जेट युग स्थिरावल्यानंतरचा इतिहासही त्याच श्रेयावर लिहिणे हा आळस आहे. १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम प्रत्येक राज्याला आपल्या आकाशावर पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व देते. खुल्या समुद्राचे स्वातंत्र्य राज्यांच्या डोक्यावरील आकाशाला कधीच लाभले नाही.

७/ हे उत्तर गोलार्धाच्या टोकाचे प्रकरण आहे, असे समजण्याचे कारण नाही. दिल्ली ते ताश्कंद हे हवाई अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे दिल्ली-चेन्नईपेक्षाही कमी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि इंडिगोला ताश्कंद व अल्माटीच्या सेवा थांबवाव्या लागल्या. वळसा घालून ती शहरे तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली होती.