तारा येतायत मध्ये

वसईत राहून किल्ल्याचा फोटो न काढलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. हल्ली रविवारी तो लग्नाळू जोडप्यांच्या ताब्यात असतो. प्रत्येक कमानीखाली एक नवरा, एक नवरी आणि चंदेरी छत्री धरून उभा असलेला एक घामाघूम पोरगा. माझं त्यांच्याशी भांडण नाही. संसार सुरू झाला की ती आपोआप ताळ्यावर येतात. माझं भांडण आहे ते आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या कलावंत मंडळींशी. यांना वसईचे फोटो हवेत, पण फोटोत वसई नको!

पाचूबंदरला होड्या झकास दिसतात, पण बांबूवर वाळणारे बोंबील मध्ये येतात. नायगावच्या खाडीवर सूर्य मावळतो, पण "तारा येतायत हो मध्ये!" मग घरी येऊन मोबाइलवर बोटानं तारा पुसायच्या, कचरा पुसायचा आणि खाडी निळी करायची. अहो, उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा संसार बघत इथवर येते. इतकं सोसल्यावर कुणाचा चेहरा निळा राहील?

"कला म्हणजे निवड," असं आमचे एक स्नेही सांगतात. मान्य. पण निवडताना तांदळातले खडे काढतात. तुम्ही तांदूळच काढून टाकता!

पूर्वी मीही यांच्यातलाच. १९८६ साली माझ्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलात बारा फोटो. अकरा सूर्यास्तावर उधळले आणि उरलेला एक, केवळ रोल संपवायचा म्हणून, चाळीमागच्या भातखाचरांचा काढला. पावसाळ्याचे दिवस, गुडघाभर पाणी, मधून वाहणारा ओहोळ आणि एका म्हशीची पाठ. "चिखलाला कशाला पैसे घातले?" सौभाग्यवतींनी विचारलं. उत्तर नव्हतं. फोटो आल्बमच्या शेवटच्या पानात गेला. पुढे त्या खाचरांवर इमारती उठल्या आणि त्यातल्याच एकीत आम्ही ब्लॉक घेतला.

२०१८च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या आणि आमच्या तळमजल्यावर चपला तरंगू लागल्या. पाणी ओसरल्यावर सोसायटीची सभा भरली. "इथं पूर्वी कधीच पाणी नव्हतं!" अशी एकमुखी गर्जना झाली. मी तो फोटो पुढे केला. तो हातोहात फिरला. सभा गप्प. ओहोळ नेमका आमच्या स्कूटर लावायच्या जागेतून जात होता. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "फोटो जरा तिरका आलाय नाही?"

अकरा सूर्यास्त कुणी मागितले नाहीत. सूर्य काय, उद्याही मावळेल. पण वाडीतलं बावखल एकदा बुजलं की संपलं. या तळ्यांनी आमच्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागा जगवल्या, आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवल्या. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र. मधलं पावसाचं पाणी कुठंतरी टेकायला नको? ते कुठं टेकत होतं हे उद्या दाखवायचं कशानं? तुमच्या निळ्या खाडीनं?

म्हणून आता मी कचऱ्यासकट, तारांसकट फोटो काढतो. परवा एका अर्ध्या बुजलेल्या बावखलाशी उभा होतो. बरोबर ते स्नेही.

"थांबा, तो डंपर जाऊ दे," ते म्हणाले.

"मी डंपरचाच काढतोय."

तेवढ्यात डंपर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. आता चार शब्द ऐकावे लागणार, या तयारीनं मी कॅमेरा छातीशी धरला. त्यानं खिशातून कंगवा काढला, केस नीट केले, नंबरप्लेट बरोबर झाकून ऐटीत उभा राहिला आणि म्हणाला, "काढा काका. मलापण पाठवा हां!"