उपग्रहास न दिसलेली वाट

आकाशांतून घेतलेल्या चित्रांवरून रस्ते ओळखण्याचें काम आतां यंत्रें करूं लागलीं आहेत. भारतानें २०१९ सालीं सोडलेल्या कार्टोसॅट-३ या उपग्रहाच्या चित्रांत सुमारें पाव मीटरएवढी बारीक वस्तूहि निराळी दिसते. माणसांनीं रस्ते आंखून दिलेलीं सहस्रावधि चित्रें यंत्रास दाखवितात. त्यांवरून रस्त्याचा रंग, रुंदी व वळण तें शिकतें आणि नव्या चित्रावर स्वतः रेघ ओढतें. सपाट माळावर हें काम उत्तम होतें, यांत शंका नाहीं.

परंतु आपल्या महाबळेश्वरीं काय होईल? येथें रस्त्यांवर जांभूळ-हिरड्यांची दाट छाया, दऱ्यांत कड्यांची सावली आणि पावसाळ्याचे चार महिने ढग. झाडांखालीं शिरलेला रस्ता तेथेंच संपला, असें यंत्रास वाटतें. उलट कोरडा ओढा त्यास रस्ता भासतो. त्यांतून मोटार नेणाराची कल्पनाच केलेली बरी! जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणीं खचला. अशा वेळीं दरींतील वाडीस धान्य व औषध कोणत्या वाटेनें न्यावें, हें पुष्कळदां नकाशा पुढें ठेवूनच ठरतें. नकाशांत वाटच नसेल, तर ती वाडी मदतीच्या यादींतहि मागें पडेल.

म्हणून आमचें मत असें कीं, गांवच्या माणसांनीं तपासल्यावांचून यंत्राचा नकाशा पक्का मानूं नये. पालकांनीं मुलांस विचारावें : तुम्ही ज्या पायवाटेनें शाळेस येतां, ती नकाशांत आहे काय? नसल्यास ओपनस्ट्रीटमॅप या सार्वजनिक नकाशांत ती नोंदविण्याची मोकळीक कोणासहि आहे. उन्हाळ्याच्या सुटींत एक वाडी झाली तरी पुष्कळ.