पाडव्याच्या वहीतले कोरे पान

लक्ष्मीपूजनाची रात्र सरते आणि बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या दुकानांवर पाडव्याची सकाळ उतरते. उंबऱ्यावरची झेंडूची तोरणे जराशी मलूल झालेली असतात, पाटावरची नवी वही मात्र ताजी असते. पहिल्या पानावर कुंकवाने रेखलेले ‘श्री’, त्यावर सुपारी, धने आणि चार बत्तासे. जुनी वही लाल फडक्यात बांधून फळीवर जाते. त्या फडक्यात किती घरांच्या अडचणी बांधलेल्या असतात! कुणाची लेकीच्या लग्नातली कापडाची उधारी, कुणाचे खता-बियाण्याचे राहिलेले पैसे. उधारीच्या व्यवहाराचे दोष पुष्कळ सांगता येतील; पण एकाचे खाते दुसऱ्यासमोर उघडायचे नाही, ही रीत जुन्या दुकानदाराने धर्मासारखी पाळली, हेही सांगायला हवे.

आज आपले नाव त्या एका वहीत राहिलेले नाही. बँकेत आहे, सिमकार्डाच्या अर्जात आहे, पीकविम्यात आहे, रेशनच्या यंत्रात आहे. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स मुकादमाच्या पिशवीत आहेत. या वह्या कोणत्या फडक्यात बांधल्या आहेत आणि त्यांची फळी कुठे आहे, ते आपल्याला ठाऊक नसते. त्यातले पान कुणी फाडून नेले, तरी बहुतेक वेळा कुणी निरोप धाडत नाही.

२०२१ मध्ये आपण रांगेत उभे राहून लस घेतली, तेव्हा मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्र दिले. जीव वाचवायचा होता, देणे योग्यच होते. जून २०२३ मध्ये बातमी आली, की टेलिग्रामवर नुसता मोबाइल क्रमांक टाकला, तर लस घेतलेल्याचे नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि लसकेंद्र समोर येते आहे. लसीच्या नोंदणीचे ‘कोविन’ संकेतस्थळ सुरक्षित आहे, असे सरकारने सांगितले. पुढे त्या प्रकरणात दिल्ली पोलिसांनी बिहारमधून अटकही केली. पण आपली माहिती त्यात होती का, हे लस घेतलेल्या माणसाला घरी येऊन कुणी सांगितले नाही. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि बनावट कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. दोन दिवसांच्या व्यवहारांत गेलेली रक्कम ९४ कोटींच्या वर होती. एका कार्डावरचे आकडे किती दूर पोचू शकतात, ते त्या वेळी महाराष्ट्राने पाहिले.

म्हणून पाडव्याच्या हिशेबात एक पान माहितीच्या या देण्या-घेण्याचेही असावे. ज्यांचा ई-मेल आहे, त्यांना वाट सोपी आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे आपला ई-मेल टाकला, की त्यांच्या नोंदीतल्या कोणकोणत्या गळतींत तो सापडला, ते तारखेसह दिसते. यासाठी तिथे पासवर्ड द्यावा लागत नाही. ‘तुमची माहिती फुटली का ते पाहून देतो, ओटीपी सांगा’ असे जो म्हणेल, तो चोर समजावा.

पण आपल्या भागात खरी गाठ वेगळीच आहे. पीकविम्याचा किंवा अनुदानाचा अर्ज भरताना सेवा केंद्रात घाई असते, मागे रांग असते. शेतकऱ्याकडे ई-मेल नसतो, तेव्हा भरणारा स्वतःचाच टाकतो. कधी मोबाइल क्रमांकही त्याचाच पडतो. हेतू वाईट असतो असे नाही. पण मग आपल्या शेताविषयीचा प्रत्येक निरोप दुसऱ्याच्या खिशात वाजतो, आणि आपल्याला वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. एक रुपयातल्या पीकविम्याच्या काळात दुसऱ्यांच्या जमिनींवर परस्पर भरलेले अर्ज उघड झाले, तेव्हा बीड जिल्ह्याचे नाव राज्यभर घेतले गेले. तेव्हा आपल्या अर्जावर कुणाचा क्रमांक आहे, हे आधी पाहू या. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कोणत्या दिवशी, किती वाजता आणि ओटीपीने की बोटाच्या ठशाने वापरले गेले, याची नोंद मिळते. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते कळते, अनोळखी असेल ते तिथूनच कळवता येते. आधारमधले बोटांचे ठसे कुलूपबंदही करता येतात. पण मग रेशनला किंवा अंगठ्यावर पैसे काढायला जाताना ते आधी उघडावे लागतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगायलाच हवे.

बाजारात भज्यांचा पुडा सोडावा आणि तेलाने पारदर्शक झालेल्या कागदातून कुणाच्या तरी आधारकार्डावरचा चेहरा आपल्याकडे पाहत असावा, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. नाव वाचता येते, गाव वाचता येते, बारा आकडेही वाचता येतात. आपण भजी खातो, कागद चुरगाळून टाकतो. बिघडलेली झेरॉक्स फाडून टाकणे हे ज्याने ती काढली त्याचे काम आहे, आणि ती मागून घेणे आपले.

व्यक्तीचे खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवणे बंधनकारक करणारा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या कर्तव्याला आणखी दीड वर्षाची मुदत मिळाली. दुसऱ्याची वही सांभाळणाऱ्याला एवढी सवलत देणे आम्हाला पटत नाही. उधारीची वही हरवली असती, तर दुकानदाराने गिऱ्हाइकाला सांगायला दीड वर्ष घेतले नसते.

पाडव्याचे औक्षण होईल, भाऊबीजेला लेकी माहेरी येतील, शहरात शिकणारी मुले घरी असतील. याच दिवसांत कोयते बांधले जातात आणि अनेक घरांना पाच-सहा महिन्यांसाठी कुलूप लागते. एकदा टोळी फडावर पोचली, की या नोंदी पाहायला ना वेळ असतो, ना धड नेटवर्क. म्हणून शिकलेल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे : गाड्या हलण्याआधी आई-वडिलांजवळ, शेजारच्या काकूंजवळ अर्धा तास बसा. त्यांच्या आधारला कोणता मोबाइल जोडलेला आहे ते पाहा, आधारची नोंद त्यांना वाचून दाखवा आणि काही वावगे दिसले तर दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात जा. खात्यातून पैसे गेले असतील तर थांबू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा. हा क्रमांक त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.