पट्टी मिळत नाही म्हणून गन कंडम?

वर्कशॉपमधले एखादे हत्यार बंद पडले की कागदावर दोनच शेरे येतात : ‘सुटे भाग उपलब्ध नाहीत’ आणि ‘कंडम’. या दोन शेऱ्यांच्या मधल्या काळात कामगाराचे काय होते हे कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो.

आमच्या बोगी शॉपमधली हवेची गन, म्हणजे इम्पॅक्ट रेंच, जुनी पण दणकट. सहा किलो दाबाच्या हवेवर गंजलेले नट सोडवायची. हळूहळू तिचा जोर गेला. उघडली तेव्हा दोष साधा निघाला. रोटरच्या खाचांत सरकणाऱ्या फायबरच्या पट्ट्या झिजल्या होत्या. त्या सिलिंडरला टेकत नव्हत्या आणि हवा कडेने निसटत होती. एक बेअरिंगही वाजत होते. स्टोअरकडून मागणी परत आली : मॉडेल बंद. तेव्हापासून आमचा माणूस पान्याला पाइप लावून अंगाच्या जोरावर नट सोडवू लागला. पाना निसटला की मनगट किंवा दात गेलाच. टार्गेट मात्र गन चालू होती तेव्हाचेच!

गेल्या हिवाळ्यात युनियनच्या कामासाठी जयपूरला जाणे झाले. उतरलो विद्याधर नगरात, टूलरूममधून निवृत्त झालेल्या जुन्या सहकाऱ्याकडे. गेटपास करून नेलेले पट्टी, रोटर आणि बेअरिंग त्यांच्यापुढे ठेवले.

ते म्हणाले, “अहो सेक्रेटरी, बेअरिंगवर नंबर आहे ना? मग रडता कशाला?” खरेच आहे. बेअरिंगची मापे जगभर ठरलेली असतात. त्याच मापाचे दुसऱ्या चांगल्या कंपनीचे चालते. जयपुरात तर १९४६ पासून बेअरिंगचा कारखाना आहे. पट्टीला असा नंबर नाही. झिजलेल्या पट्टीची उंची खरी नसते, म्हणून त्यांनी ती रोटरच्या खाचेवरून काढली. शेजारच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या शॉपमधून कापडी हायलमच्या सहा पट्ट्या कापून घेतल्या. जाडी खाचेपेक्षा किंचित कमी, म्हणजे पट्टी अडकत नाही.

पण हॅमर आणि ॲन्व्हिल बाजारात करून घ्यायचे नाहीत, असे त्यांनी बजावले. ते मिश्र पोलादाचे, नेमके पाणी दिलेले भाग. नक्कल फुटली तर तुकडा कामगाराच्या तोंडावर येतो. ते मूळ कंपनीचेच हवेत.

परत आल्यावर सुपरवायझरच्या सहीने पट्ट्या आणि बेअरिंग बसवले, तेल दिले आणि गन चालू झाली.

कंपन्यांची मालकी बदलते, मॉडेल बंद होतात. शिकागो न्यूमॅटिक ही जुनी अमेरिकन कंपनी १९८७ साली स्वीडनच्या ॲटलास कॉप्कोकडे गेली. असे होतच राहणार. आपल्या शॉपमध्ये भागाचे माप लिहिलेले नसणे आणि ते काढणारा माणूस न उरणे, हा दोष मात्र आपल्या प्रशासनाचा आहे. आमचे सहकारी निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा सरेंडर झाली. परिणामी साध्या पट्टीसाठी आम्हाला जयपूर गाठावे लागले.

साहेब म्हणतात, नवी गन घ्या. जरूर घ्या. कंप आणि आवाज कमी असेल तर आम्ही स्वागत करू. पण टेंडरमध्ये पट्ट्यांचे जादा सेट आणि भागांची ड्रॉइंग मागितली नाहीत, तर नवी गनही उद्या याच वाटेने जाईल.

आमच्या मागण्या तीन. टूलरूमच्या जागा भरा आणि तिथे अप्रेंटिस द्या. प्रत्येक टेंडरमध्ये सुटे भाग आणि ड्रॉइंग घाला. कंडम करण्याआधी हत्यार उघडा, मापे लिहून ठेवा, चांगले भाग काढून घ्या.

प्रत्येक शाखेने आपल्या शॉपमधल्या बंद हवेच्या हत्यारांची यादी करावी, प्रत्येकापुढे नेमका कोणता भाग हवा ते लिहावे आणि पुढच्या पीएनएम बैठकीत ती ठेवावी. ‘उपलब्ध नाही’ या शेऱ्याला तेच उत्तर आहे.