पट काढला, ताबा घेतला, तरी हरली कशी? महिला एमएमएमधले निकाल आणि कुस्तीचं गणित

मे 2021. 'वन चॅम्पियनशिप'च्या त्या कार्यक्रमाचं नावच 'दंगल' होतं. पहिल्या चारही लढती जिंकलेली रितू फोगाट व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन बी न्गुयेनसमोर उभी होती. रितूचा सगळा भर प्रतिस्पर्ध्याला खाली आणण्यावर, न्गुयेनचा मार देण्यावर. तीन फेऱ्या संपल्या आणि तीन जजपैकी दोघांनी न्गुयेनला कौल दिला. आखाडा पाहत वाढलेल्या माणसाला हे पचणं कठीण होतं. जी वर होती ती हरली कशी?

उत्तर नियमपुस्तकात आहे. वन चॅम्पियनशिपमध्ये फेरीनिहाय गुण नसतात, संपूर्ण लढत एकत्र पाहिली जाते. कोण लढत संपवण्याच्या सर्वांत जवळ आली होती, हा पहिला निकष. मग कुणी जास्त इजा केली ते. खाली आणणं, म्हणजे टेकडाउन, या यादीत बरंच खाली येतं. न्गुयेनला दिलेला कौल त्यामुळे चोरी ठरत नाही. पण लढत पाहणाऱ्याला आणि कदाचित लढणारीलाही तो शेवटपर्यंत दिसत नाही, हीच मला खरी अडचण वाटते.

पाठ टेकली म्हणजे हार नव्हे

कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की खेळ संपला. त्यामुळे मुलगी तालमीत पहिल्या दिवसापासून एकच शिकते, पाठ टेकू द्यायची नाही. अडचणीत सापडली की पोटावर पालथी हो, मातीला चिकट, सुटका करून घे. एमएमएमध्ये हीच सवय घात करते. पालथी झालेली खेळाडू प्रतिस्पर्ध्याला स्वतःची पाठ देते. मागून गळ्याभोवती हात आला की मानेच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांत टॅप करावं लागतं, नाहीतर शुद्ध हरपते. कुस्तीत गळा आवळणं हा नियमभंग आहे, इथे तो हक्काचा डाव आहे.

उलट, पाठीवर पडलेली खेळाडू इथे हरलेली नसते. पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती असतील तर ती खालून गळा आवळू शकते, कोपराचा सांधा उलटा ताणू शकते. एकेरी पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं तर मान आयतीच समोरच्या काखेत जाते. आखाड्यात त्यावर वस्ताद फार तर ओरडेल, पिंजऱ्यात लढत तिथेच संपू शकते. डिसेंबर 2021 मध्ये रितू वन चॅम्पियनशिपच्या अ‍ॅटमवेट ग्रांप्रीच्या अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सकडून हरली, ती दुसऱ्या फेरीत आर्मबारवर. स्टॅम्पची ओळख मुष्टी आणि लाथांच्या खेळातली. तिने कुस्तीगिराला हरवलं ते मात्र जमिनीवर, म्हणजे कुस्तीगिराच्या हक्काच्या जागेवर.

म्हणजे कुस्ती निरुपयोगी? मुळीच नाही. लढत उभ्याने चालेल की जमिनीवर, हे ठरवण्याची ताकद पट काढणारीकडेच असते. फक्त खाली आणल्यावर पुढे काय, याचं उत्तर कुस्तीपाशी अर्धंच आहे.

रेफरी गुण देत नाही, तो जीव सांभाळतो

कुस्तीत मधला पंच हात वर करून गुण दाखवतो. एमएमएमध्ये रेफरीचा गुणांशी फारसा संबंध नाही, नियमभंगाबद्दल गुण कापणं एवढंच त्याच्याकडे. गुण पिंजऱ्याबाहेरचे तीन जज देतात. यूएफसीत फेरी जिंकणारीला 10 आणि दुसरीला बहुधा 9. तिथल्या सुधारित निकषांत नुसत्या टेकडाउनला किंमत नाही. त्यातून मार बसला का, गळा किंवा सांधा धोक्यात आला का, हे पाहिलं जातं. जून 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली, त्या लढतीत एका जजने तिन्ही फेऱ्या पूजाला दिल्या आणि दुसऱ्याने तिन्ही तिच्या ब्राझीलच्या प्रतिस्पर्धी रायान दोस सांतोसला. एकच लढत, दोन टोकं. निकाल ठरला तो तिसऱ्या जजच्या 29-28 वर.

रेफरीच्या हातात असतं थांबवणं. फेब्रुवारी 2014 मध्ये सारा मॅकमॅन आणि रोंडा राउझी यांच्यातली लढत हर्ब डीन यांनी अवघ्या 66 सेकंदांत थांबवली. मॅकमॅन ही अथेन्स ऑलिम्पिकची कुस्तीतली रौप्यविजेती. राउझीचा गुडघा यकृताच्या जागी बसला, ती खाली कोसळली, आणि उठायच्या प्रयत्नात असताना डीन मध्ये आले. घाई झाली, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला तो निर्णय आजही पटतो. लवकर थांबवलेली लढत पुन्हा लावता येते. उशिरा थांबवली तर झालेली इजा मागे घेता येत नाही.

आणि आपल्याकडे?

या बाबतीत आंतरराष्ट्रीय कुस्ती एमएमएच्या पुढे आहे, हे सहसा कुणी बोलत नाही. प्रत्येक गुण तत्काळ फलकावर येतो. मारलेली कुस्ती, म्हणजे चितपट, मधला पंच एकटा देऊ शकत नाही, बाजूच्या पंचाची किंवा मॅट चेअरमनची संमती लागते. प्रशिक्षकाला गुणांच्या निर्णयावर व्हिडिओ पाहण्याची मागणी करता येते, ती फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. मागणी फुकट नाही, म्हणून जपून होते.

तरीही नियम माहीत नसेल तर निकाल अन्यायच वाटतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 76 किलो गटात रितिका हुड्डा किर्गिझस्तानच्या ऐपेरी मेदेत किझीशी 1-1 अशी बरोबरीत सुटूनही उपांत्यपूर्व फेरीत बाद झाली. दोन्ही गुण निष्क्रियतेबद्दल मिळालेले. अशा बरोबरीत शेवटचा गुण जिने घेतला ती जिंकते. नियम साधा आहे, पण तो तालमीत मुलींना कोण समजावतं?

जालन्याच्या आझाद मैदानावर डिसेंबर 2018 मध्ये बुलडाण्याच्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटकेला 11-3 असं हरवून महाराष्ट्र केसरीची गदा नेली. फलकावर एवढा फरक असला की वादाला जागाच राहत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला उलटं घडलं. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चितपट दिलं गेलं, खांदे टेकलेच नाहीत असा त्याचा दावा होता, आणि प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेलं. राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्या क्षणी मैदानातल्या सगळ्यांना दिसेल असा रिप्ले पडद्यावर आला असता तर चर्चा लाथेवर नव्हे, खांद्यावर झाली असती.

पुरुषांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची ही गत, तर मुलींच्या कुस्त्यांचं काय? पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 पासूनची. महिलांची पहिली झाली मार्च 2023 मध्ये, सांगलीत, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली. म्हणजे मुलींच्या या किताबाचं वय अजून शाळेत घालण्याइतकंही नाही. जत्रेच्या फडात तर मुलींची कुस्ती अनेकदा वेळ संपली म्हणून बरोबरीत सोडवली जाते, कारण गुण कुणी लिहीतच नाही.

यावर उपाय महागडा नाही. मी इंजिनीअरिंग शिकलो आहे, त्यामुळे हिशोब आधी डोक्यात येतो. साधा स्मार्टफोन सेकंदाला 30 चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे 33 मिलिसेकंद. खांदे टेकून पंचाला दिसेल इतका वेळ दाबून धरावे लागतात, त्यामुळे एवढा वेग पुरतो. अडचण वेगाची नाही, कोनाची आहे. एका बाजूने पाहिलं तर पलीकडचा खांदा दिसतच नाही, मध्ये दोन शरीरं असतात. म्हणून फोन दोन हवेत, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, आखाड्याच्या पातळीला, स्टँडवर. हातात धरलेला नको, कारण धरणारा ऐन वेळी ओरडायला लागतो. तिसरा माणूस फळ्यावर खडूने गुण मांडेल. हे तिघे गावातले नसले तर आणखी बरं.